क्लबनिवृत्ती (गोमंतकीय फुटबॉल)

क्लबनिवृत्ती : ज्या क्लबकडे खेळून नाव झाले, त्या क्लबचा गणवेश ज्येष्ठ फुटबॉलपटूने कायमचा उतरवणे. राष्ट्रीय संघातून निवृत्ती आणि खेळातूनच निवृत्ती यांहून ही गोष्ट वेगळी आहे. देशासाठी खेळणे थांबवलेला खेळाडू क्लबकडे आणखी काही वर्षे खेळतो; क्लब सोडलेला दुसऱ्या क्लबकडे किंवा आपल्या गावच्या संघाकडे जातो. तिन्हींत क्लबनिवृत्ती सर्वांत अवघड. राष्ट्रीय प्रशिक्षक यादीतून नाव वगळतो आणि मोकळा होतो. क्लबमध्ये मात्र तोच माणूस रोज सकाळी सरावाला समोर उभा असतो, आणि गॅलरीत त्याच्या नावाचा घोष चालू असतो.

गोव्यात हा प्रश्न क्लबच्या कचेरीपुरता राहत नाही. फादर विल्यम लायन्स यांनी १८८३ मध्ये शिवोलीत मुलांना फुटबॉलची ओळख करून दिली असे मानले जाते. पुढे चर्चच्या पटांगणांवर आणि भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत हा खेळ वाढला. २०१२ मध्ये तो अधिकृत राज्यखेळ झाला. सासष्टीतला किंवा बार्देशातला नामवंत खेळाडू आधी गावचा असतो, मग क्लबचा. त्याला बाहेर बसवले की प्रशिक्षकाला मासळीबाजारातही जाब द्यावा लागतो. म्हणूनच अनेक निर्णय एकेक हंगाम पुढे ढकलले गेले, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा बाकावर वाट पाहणाऱ्या विशीतल्या पोराने मोजली.

कंपनी-क्लबांचा काळ : १९५६ मध्ये स्थापन झालेला साळगावकर, त्यानंतरचे धेंपो आणि सेझा हे क्लब मुख्यतः खाणउद्योगाच्या आधाराने उभे राहिले, टायर बनवणाऱ्या एमआरएफचाही संघ होता. या व्यवस्थेत चांगल्या खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. सकाळी सराव, नंतर कचेरी. खेळ थांबला तरी हजेरीपटावरचे नाव राहत असे. त्या काळातल्या निवृत्त्यांचा फारसा गाजावाजा झाला नाही, यामागचे सर्वांत मोठे कारण हेच असावे. तेहतिसाव्या-चौतिसाव्या वर्षी बाजूला होणाऱ्याला उद्याच्या चुलीची चिंता नसे. क्लबची मालकी असलेल्या घराण्याशी जुना संबंध असे, आणि निरोपाची बोलणी त्या संबंधातच होत.

गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांची कारकीर्द या काळाचे उत्तम उदाहरण आहे. १९५४ मध्ये जन्मलेल्या शंखवाळकर यांनी साळगावकरच्या गोलजाळ्याची राखण सुमारे १७ वर्षे केली आणि ऐंशीच्या दशकात भारताचे कर्णधारपदही भूषवले. मद्रासला झालेल्या १९८३-८४ च्या संतोष करंडकात, म्हणजे राज्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, गोव्याने एकही गोल न स्वीकारता विजेतेपद मिळवले, तेव्हा ते तिशीत पोचले होते. साळगावकरने १९८८ आणि १९८९ चे फेडरेशन कप जिंकले ते त्यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात. साळगावकर सोडल्यावर ते चर्चिल ब्रदर्सकडे खेळले. १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०२२ मध्ये पद्मश्री. जुना क्लब सोडून दुसऱ्याचा गणवेश घातल्याने त्यांचे मोठेपण तसूभरही कमी झाले नाही. ‘एकच क्लब, एकच गणवेश’ हा आग्रह प्रेक्षकांचा असतो. खेळायची ताकद आणि इच्छा दोन्ही शिल्लक असतील, तर खेळाडूवर त्याचे ओझे टाकणे अन्यायाचे आहे.

वय आणि जागा : तिशीनंतर सर्वांत आधी घटते ती पूर्ण वेगाने पुन्हा पुन्हा धावण्याची क्षमता. सामन्यात कापलेले एकूण अंतर त्यामानाने टिकून राहते, म्हणून वरवर पाहणाऱ्याला फरक लवकर कळत नाही. दुसरी घट थकवा भरून निघण्यात होते : पंचविशीत दोन दिवसांत मोकळे होणारे पाय पस्तिशीत चौथ्या दिवशीही जड वाटतात. गोव्याच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही, आणि शेवटच्या वीस मिनिटांत हे वय उघडे पडते. २०२०-२१ आणि २०२१-२२ या करोनाकाळातल्या हंगामांत इंडियन सुपर लीग या देशपातळीवरच्या व्यावसायिक क्लबस्पर्धेचे सामने फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान येथेच खेळवले गेले. त्या दाटीवाटीच्या वेळापत्रकात मुरलेल्या खेळाडूंची खरी परीक्षा झाली. तीनऐवजी पाच बदली खेळाडूंची मुभा त्याच सुमारास आली. साठ मिनिटे उत्तम खेळू शकणाऱ्या ज्येष्ठाचे आयुष्य तिने वाढवले.

जागेनुसार हिशेब बदलतो. विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने, खेळणाऱ्याचा वेग गेला की जवळजवळ सगळे जाते. मधल्या बचावपटूला अंदाज आणि उभे राहण्याची जागा तारून नेते. गोलरक्षक चाळिशीपर्यंत सहज खेळतो. लक्ष्मीकांत कट्टीमणी हा गोव्याचा गोलरक्षक पाच हंगामांनंतर एफसी गोवा या सुपर लीगमधल्या गोव्याच्या क्लबकडून हैदराबादच्या क्लबकडे गेला. २० मार्च २०२२ रोजी, फातोर्ड्यातच झालेल्या अंतिम सामन्यात, त्याने केरला ब्लास्टर्सच्या तीन पेनल्टी अडवून हैदराबादला विजेतेपद मिळवून दिले. गोलरक्षकाचे वय मोजताना घाई करू नये, हे गोव्याच्या प्रेक्षकांनी आपल्याच मैदानावर पाहिले.

करारांचा काळ : २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो राष्ट्रीय महासंघाच्या लीग-आराखड्यावरील मतभेदांमुळे आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. धेंपो काही वर्षांनी परतला, पण मधल्या काळात नोकरीची जागा कराराने घेतली होती. करार संपला की संबंध संपतो, ही पद्धत व्यवसाय म्हणून स्वच्छ असली तरी माणूस म्हणून कोरडी आहे. याच लीगने गोव्याला उताराला लागलेले मोठे परदेशी खेळाडूही दाखवले. ब्राझीलचा झिको प्रशिक्षक असताना फ्रान्सचा विश्वविजेता रॉबेर पिरेस पहिल्या हंगामात एफसी गोवाकडून खेळला, त्याच हंगामात त्याने एक्केचाळिशी गाठली. चेंडूवरचा त्याचा हात, म्हणजे पायच, अजून सुरेख होता. पण संघाला त्याच्या वाटचे धावावे लागे. उलट स्पेनचा फेर्रान कोरोमिनास चौतिसाव्या वर्षी आला आणि तीन हंगामांत लीगच्या ५७ सामन्यांत ४८ गोल करून सदतिसाव्या वर्षी गेला. २०१७-१८ आणि २०१८-१९ या दोन्ही हंगामांत सर्वाधिक गोल त्याचेच. त्याला आणखी एक वर्ष ठेवायला हवे होते असे फातोर्ड्याच्या गॅलरीत अनेकांना वाटले. निरोपाची याहून चांगली वेळ सहसा मिळत नाही.

सुनील छेत्रीचे उदाहरण या नोंदीत टाळता येत नाही, कारण तो धेंपोकडे आणि चर्चिल ब्रदर्सकडेही खेळलेला आहे. जून २०२४ मध्ये त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली, मार्च २०२५ मध्ये तो परतला. ६ एप्रिल २०२५ रोजी फातोर्ड्यात सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना एफसी गोवा छेत्रीच्या बंगळूरू क्लबविरुद्ध २-० ने जिंकत होता आणि दोन्ही सामने मिळून गुणफलक बरोबरीत होता. भरपाई वेळेत चाळीस वर्षांच्या छेत्रीने डोक्याने गोल केला आणि बंगळूरू अंतिम फेरीत गेले. त्याच मैदानावर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. त्यानंतर छेत्रीने देशाच्या गणवेशाला पुन्हा निरोप दिला. एकच खेळाडू, एकच वर्ष, एकच मैदान. क्लबसाठी तो अजून निर्णायक होता. राष्ट्रीय संघाला त्याच्याकडे परत जावे लागले, यातून त्याच्या मोठेपणाइतकीच त्याच्यामागून येणाऱ्या पिढीची उणीव दिसते.

केव्हा थांबावे : गोलांची संख्या हा भरवशाचा निकष नाही, कारण पेनल्टी आणि फ्री-किक घेणाऱ्याचे आकडे पाय थकल्यावरही चांगले दिसतात. जाणकार प्रशिक्षक दोन गोष्टी पाहतात. पहिली, तो आठवड्याचा पूर्ण सराव तरुणांच्या बरोबरीने करतो का. दुसरी, त्याच्यासाठी इतरांना जादा धावावे लागते का. एकाने धावून भागत असेल, तर त्याची जागा किंवा मिनिटे बदलावीत. दोघांना धावावे लागत असेल, तर त्याच्याशी निरोपाचे बोलावे, आणि ते हंगाम सुरू होण्यापूर्वी. मध्येच बाकावर बसवून, एकेका सामन्यात पाच मिनिटे देऊन त्याला स्वतःहून जाण्यास भाग पाडणे ही सर्वांत वाईट रीत आहे. ही जबाबदारी एकट्या खेळाडूवर टाकू नये. आपला वेग गेला हे ज्याला सर्वांत शेवटी कळते, त्यालाच तारीख ठरवायला सांगणे बरोबर नाही.

जगातले मोठे क्लबही इथे चुकले आहेत. रोमाचा फ्रान्सेस्को तोत्ती त्या एकाच क्लबकडे ७८६ सामने खेळून २८ मे २०१७ रोजी, चाळिसाव्या वर्षी थांबला. शेवटच्या दीड वर्षात प्रशिक्षकाशी त्याचे उघड खटके उडाले. नंतर त्याला क्लबमध्ये पद मिळाले, अधिकार मिळाले नाहीत, आणि जून २०१९ मध्ये तो बाहेर पडला. एसी मिलानच्या पाओलो माल्दिनीला २००९ च्या शेवटच्या घरच्या सामन्यात आपल्याच काही समर्थकांची हुर्यो ऐकावी लागली. सन्मान आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फलक, हार आणि फेरी दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस कुठे जाणार, याचे उत्तर क्लबकडे असायला हवे.

गोव्यात ते उत्तर बहुतेक वेळा प्रशिक्षणातून आले आहे. गावोगावच्या व्हेटरन्स स्पर्धा जुन्या खेळाडूंना मैदानाशी जोडून ठेवतात. पोटापाण्याची सोय मात्र प्रशिक्षणाच्या परवान्यातून होते. साळगावकरचा सावियो मेदेरा २०११-१२ मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला. २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या धेंपोच्या संघातून तर प्रशिक्षकांची एक फळीच तयार झाली. महेश गवळी २०२३ च्या सॅफ या दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, मुख्य प्रशिक्षकावर बंदी असताना, भारताच्या बाकावरून सूत्रे हलवत होता. क्लिफर्ड मिरांडाच्या हाताखाली ओडिशाने त्याच वर्षी सुपर कप जिंकला. समीर नाईक, ज्याने धेंपोची बचावफळी सांभाळली होती, पुढे धेंपोचाच मुख्य प्रशिक्षक झाला.