सोसायटीत इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगसाठी वीजजोडणी: अर्ज नेमका कुठे अडकतो

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक केबल खाली पार्किंगपर्यंत सोडलेली दिसली. खाली तिचं टोक साध्या एक्स्टेन्शन बोर्डात, बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी ओल्या जमिनीवर, आणि त्या बोर्डावर अठरा लाखांची गाडी चार्ज होत होती. गाडीमालक काही बेफिकीर माणूस नव्हता. सात महिने तो सोसायटीकडे ना हरकत पत्र मागत होता. गाडी आली, पत्र आलं नाही, मग त्याने जे सुचलं ते केलं.

अशी माणसं माझ्याकडे कागदपत्रांची फाइल घेऊन येत असतात. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. अर्ज वीज कंपनीकडे फारसा अडत नाही, तो त्याआधीच दोन कागदांवर अडतो: पार्किंग कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा कागद आणि सोसायटीचं पत्र. म्हणून गाडी बुक करण्याआधी हे दोन कागद हातात घ्या. नंतर नव्हे.

आधी ठरवा, तुम्हाला नेमकं काय हवंय

मार्ग तीन आहेत आणि अर्ज प्रत्येकाचा वेगळा. पहिला, फ्लॅटच्या आहे त्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर नेणं. याला बंदी आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की घरच्या चालू जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते. दर घरगुतीच लागतो. दुसरा मार्ग, चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर. तिसरा, सोसायटीने आपल्या नावावर जोडणी घेऊन सर्वांसाठी चार्जर बसवणं.

रोज चाळीस-पन्नास किलोमीटर चालवणाऱ्याला पहिला मार्ग बहुतेक वेळा पुरतो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी रात्रभरात एवढी सहज भरते. बिलाची भीती मात्र फार आहे, म्हणून हिशेब मांडतो. महिन्याला १,००० किलोमीटर, युनिटला सात किलोमीटर धरले आणि चार्जिंगमधली घट मिळवली तर साधारण १६० युनिट. घरचा वापर १८० असेल तर बेरीज ३४०. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात. लोक समजतात की ३०० ओलांडलं की अख्खं बिल चढ्या दराने येणार. तसं होत नाही, चढा दर फक्त वरच्या ४० युनिटना लागतो. शिवाय टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते वेगळं नोंदवणारा मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत ठरलेली आहे. रविवारी दुपारी गाडी लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवायचा असेल तर गोष्ट वेगळी. तो एकटा तीस अँपिअरच्या वर ओढतो. सिंगल फेजची मर्यादा ४० अँपिअर. वर गीझर आणि एसी चालू असले की काय होईल ते सांगायला नको. अशा वेळी आधी मंजूर भार (तुमच्या जोडणीवर एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढता येते तो आकडा) वाढवून घ्यावा लागतो, बऱ्याचदा थ्री फेज घ्यावी लागते. वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तो पाहा. जुन्या इमारतींत १ किंवा २ किलोवॉट असतो आणि वीस वर्षांत कोणी त्याकडे पाहिलेलं नसतं.

पार्किंगचा कागद, जो कोणाकडेच नसतो

अडचणीची खरी जागा ही आहे. ‘पार्किंग माझंच आहे, बिल्डरला त्या वेळी दोन लाख दिले होते,’ असं सांगत लोक बिल्डरची पावती किंवा शंभर रुपयांच्या स्टँपवरचा करार पुढे करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद प्रकरणात, दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या वादात, निकाल दिला की स्टिल्ट (इमारतीखालचं खांबांमधलं) आणि मोकळं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही. ती जागा सोसायटीची. म्हणून तो स्टँप पेपर अर्जाला जोडू नका. त्याचा उपयोग होत नाही, उलट वाद उकरला जातो. रेरा कायद्यानंतरच्या प्रकल्पांत बंद किंवा आच्छादित पार्किंगचा उल्लेख नोंदणीकृत करारात असेल तर मात्र ते पान जरूर जोडा.

बाकी सगळ्यांना लागतं ते सोसायटीचं वाटपपत्र. मॉडेल उपविधींनुसार (सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) पार्किंगचं वाटप करण्याचा अधिकार सोसायटीचा आहे, पण निम्म्याहून अधिक फायलींत मला हे पत्र दिसत नाही. खांबावर रंगाने ‘बी-४०२’ लिहिलेलं असतं, एवढाच पुरावा. सेक्रेटरींना अर्ज द्या, वाटपपत्र मागा, आणि त्यात पार्किंगचा क्रमांक, फ्लॅटचा क्रमांक आणि शेअर सर्टिफिकेटवर जशी आहेत तशी नावं लिहून घ्या. नवरा-बायको दोघांची नावं असतील तर दोघांची. एका नावावर पत्र, दोन नावांवर इंडेक्स टू (खरेदीच्या दस्ताच्या नोंदणीचा उतारा) आणि वीजबिल अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, अशा फायली परत येतात. त्या वेळी अर्जदाराचा चेहरा बघवत नाही. वीजबिलावरचं नाव आधी बदलून घ्या, चार्जिंगचा अर्ज त्यानंतर.

तुमच्याकडे दर वर्षी चिठ्ठ्या टाकून पार्किंग बदलत असेल तर वैयक्तिक चार्जरचा नाद सोडा. पुढच्या वर्षी तो चार्जर दुसऱ्याच्या गाडीसमोर असेल. तिथे सोसायटीचा सामायिक चार्जर हाच मार्ग.

ना हरकत पत्र

नुसतं ‘आमची हरकत नाही’ एवढं लिहून दिलेलं पत्र अर्धवट असतं. त्यात सदस्याचं नाव, फ्लॅट आणि पार्किंगचा क्रमांक, मीटर रूममध्ये नव्या मीटरला जागा देण्यास संमती आणि तिथून पार्किंगपर्यंत केबल कोणत्या भिंतीने जाणार ते हवं. लेटरहेड, शिक्का, तारीख आणि जावक क्रमांक विसरू नका. केबलचा मार्ग लिहिलेला नसला की काम सुरू झाल्यावर तळमजल्यावरचं कोणीतरी येऊन थांबवतं. हे मी दोनदा पाहिलं आहे.

समिती जी कारणं देते ती ठरलेली असतात. ‘वीज विकायला लायसन्स लागतं.’ लागत नाही. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही, हे ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं. ‘आग लागेल.’ ही काळजी खरी आहे, तिला उडवून लावू नका. तिचं उत्तर पुढे ‘वायरिंग करताना’ या भागात आहे, ते छापून समितीला द्या. ‘सर्वसाधारण सभेत बघू.’ इथे लोक तारीख चुकतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी निघते. सभेच्या दिवशी अर्ज हातात दिलात तर तो विषयपत्रिकेवर नसतो, आणि तुमचं एक वर्ष गेलं. जुलैमध्येच अर्ज द्या, ‘विषयपत्रिकेवर घ्यावा’ असं त्यात लिहा आणि पोच घ्या. थांबायचं नसेल तर एक पंचमांश सदस्यांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते. काहीच उत्तर आलं नाही तर पोच घेतलेल्या अर्जाच्या प्रतीसह उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा. पोच नसेल तर तिथेही तुमचं काही चालणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर चेअरमननी ‘ओके’ म्हटलं होतं, याला कागद म्हणत नाहीत.

राज्य सरकार या गाड्यांना कर माफ करतं, २०२५ च्या धोरणात अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा टोल माफ करतं. देश आपल्या गरजेचं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो, म्हणून या गाड्या हव्यात असं दिल्लीपासून सगळे सांगतात. आणि मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतच्या पन्नास मीटर केबलची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. नव्या इमारतींत २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार असावं अशी तरतूद केंद्राच्या मॉडेल बिल्डिंग बायलॉजमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये आली. पण माणसं राहतात जुन्या इमारतींत. त्यांना प्रत्येकाला तीच लढाई पहिल्यापासून लढावी लागते, याचा मला मनापासून राग आहे.

वीज कंपनीकडचा अर्ज

हा भाग सोपा आहे. अर्ज ऑनलाइन भरता येतो. ओळखीचा पुरावा आणि मालकी किंवा ताब्याचा पुरावा (इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट किंवा मालमत्ता कराची पावती), सोबत वाटपपत्र, ना हरकत पत्र आणि परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट. ओळखीच्या वायरमनकडून काम करून घेतलं असेल तर सही परवानाधारकाचीच लागते. भाडेकरूंनी नोंदणीकृत भाडेकरार आणि मालकाचं संमतिपत्र जोडावं. त्याच जागेवर जुनी थकबाकी असेल तर ती आधी भरा.

स्वतंत्र मीटर घेताना अर्जात प्रवर्ग ‘विद्युत वाहन चार्जिंग’ आहे याची खात्री करा. या प्रवर्गाला घरगुतीसारखे टप्पे नाहीत. घाईत ‘वाणिज्यिक’ निवडला गेला तर बिल दुकानाच्या दराने येतं आणि प्रवर्ग बदलायला पुन्हा अर्ज.

आता मुदत. २२ फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर वीज ग्राहक हक्क नियमांनुसार स्वतंत्र चार्जिंग जोडणी मागण्याचा हक्क आहे आणि जोडणीची कमाल मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७, ग्रामीण भागात १५ दिवस आहे. लोक अर्ज केल्याच्या दिवसापासून बोटं मोजतात आणि चौथ्या दिवशी भांडायला जातात. नियमातले शब्द ‘सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज’ असे आहेत. त्रुटी निघाली की आधीचे दिवस धरले जात नाहीत. नवी केबल टाकावी लागली किंवा ट्रान्सफॉर्मरची क्षमता अपुरी असली तर वेळ अधिकच लागतो. म्हणून कोटेशनचा एसएमएस आला की त्याच दिवशी पैसे भरा, पावती जपा. त्रुटी सांगितली तर ती लेखी मागा, तोंडी ऐकून परत येऊ नका.

मुदत टळली तर कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं, वकील लागत नाही. मंचाचा निर्णय मान्य नसेल तर विद्युत लोकपालांकडे, पण ६० दिवसांच्या आत. ही तारीख चुकवू नका.

वायरिंग करताना

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम चार्जिंगबद्दल स्पष्ट आहेत. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच, म्हणजे साधारण कमरेएवढा. चार्जरसाठी स्वतंत्र सर्किट, ३० मिलिअँपिअरचं गळतीरोधक उपकरण (दुकानात आरसीसीबी म्हणून मागा), आणि एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नाही. अर्थिंग मोजून घ्या आणि आकडा टेस्ट रिपोर्टवर लिहून घ्या. जुन्या इमारतींत अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली सापडते आणि गाडीचा चार्जर मग चालूच होत नाही. लोक शोरूमला फोन लावत बसतात, दोष भिंतीत असतो.

त्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचा अर्ज आम्ही पुन्हा भरला. वाटपपत्राला सर्वांत जास्त वेळ लागला. मीटर बसल्यावर त्यांनी सगळ्यात आधी गॅलरीतली केबल गुंडाळून काढली.