हेरेफर्ड युनायटेडचा १९७१-७२ चा सीझन आणि पाहुणे न्यूकॅसल

हेरेफर्ड युनायटेड हा इंग्लंडमधला, वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या हेरेफर्ड गावचा फुटबॉल क्लब. १९७१-७२ च्या सीझनला हा क्लब सदर्न लीगमध्ये म्हणजे नॉन-लीगमध्ये खेळत होता, आणि त्याच सीझनला त्यांनी एफए कपच्या, म्हणजे लहान-मोठे सगळे क्लब खेळतात त्या नॉकआउट स्पर्धेच्या, तिसऱ्या राउंडमध्ये सगळ्यात वरच्या फर्स्ट डिव्हिजनच्या न्यूकॅसल युनायटेडला २-१ ने हरवलं, आणि सीझन संपल्यावर त्यांना फुटबॉल लीगमध्ये जागा मिळाली. बहुतेकांना यातला एक गोल तेवढा माहीत असतो, रॉनी रॅडफर्डचा, चिखलातून मारलेला. पण तो गोल एका लांबलचक सीझनच्या मधे येतो आणि त्याच्या आधी-नंतर काय झालं ते बघितलं की मगच कळतं की त्या गोलने नक्की काय मिळवून दिलं.

नॉन-लीग म्हणजे काय

त्या काळी फुटबॉल लीगमध्ये चार डिव्हिजन मिळून ९२ क्लब होते. त्या ९२ च्या बाहेरचे सगळे नॉन-लीग. आज खालची टीम जिंकली की वर जाते, पण तेव्हा तसं नव्हतं. फोर्थ डिव्हिजनमधले शेवटचे चार क्लब दरवर्षी पुन्हा अर्ज करायचे, त्यांच्यासोबत बाहेरचे क्लब अर्ज करायचे, आणि मग लीगमधलेच क्लब मतदान करायचे. म्हणजे आत बसलेल्यांनीच ठरवायचं की दार कुणाला उघडायचं, आणि ते बहुतेक वेळा आपल्यातल्यांनाच सांभाळून घ्यायचे. १९६० पासून १९७१ पर्यंत बाहेरून फक्त तीन क्लब आत गेले, १९६० ला पीटरबरो, १९६२ ला ऑक्सफर्ड युनायटेड आणि १९७० ला केंब्रिज युनायटेड, आणि त्यातही ऑक्सफर्डला जागा मिळाली ती ॲक्रिंग्टन हा क्लब मधेच बाहेर पडल्यामुळे. सदर्न लीग कितीही वेळा जिंका, त्याने हक्काने काही मिळत नव्हतं. हा अन्याय होता असं मला स्पष्ट वाटतं, आणि हेरेफर्डची गोष्ट मोठी वाटते ती त्यामुळेच.

क्लब आणि गाव

क्लबची स्थापना १९२४ ची, गावातले दोन क्लब एकत्र करून झालेली. ग्राउंड एडगर स्ट्रीट, गावाच्या अगदी मध्यात. टोपणनाव बुल्स, कारण हेरेफर्ड जातीची पांढऱ्या तोंडाची तांबडी गुरं जगभर प्रसिद्ध आहेत, आणि मोठ्या मॅचच्या आधी खराखुरा बैल ग्राउंडवरून फिरवायची इथे पद्धत. बाकी कॅथीड्रल, वाय नदी, सफरचंदाच्या बागा आणि सायडर असं हे गाव. १९३९ मध्ये क्लब सदर्न लीगमध्ये आला आणि तीसेक वर्षं तिथेच राहिला.

१९६६ मध्ये वेल्सचा महान खेळाडू जॉन चार्ल्स, जो लीड्स आणि युव्हेंटसला खेळलेला, तो हेरेफर्डला आला आणि खेळता खेळता मॅनेजरही झाला. त्याच्यामुळे क्लबकडे लोकांचं लक्ष गेलं, एडगर स्ट्रीटवर गर्दी वाढली. १९७१ मध्ये तो गेल्यावर कॉलिन ॲडिसन आला, तोही प्लेअर-मॅनेजर, आधी नॉटिंगहम फॉरेस्ट, आर्सेनल, शेफील्ड युनायटेडला खेळलेला. म्हणजे टीम अगदीच नवखी होती असं समजायचं कारण नाही. पण रॅडफर्डसारखे लोक फुटबॉलसोबत दुसरं कामही करायचे, तो सुतारकाम करायचा, आणि तिसऱ्या राउंडपर्यंत पोचायलाच या टीमला घाम गाळावा लागला होता.

पहिल्या राउंडला किंग्ज लिन, ०-० आणि मग रिप्लेमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावर पुन्हा खेळायच्या मॅचमध्ये, १-०. दुसऱ्या राउंडला फोर्थ डिव्हिजनचं नॉर्थॅम्प्टन टाउन, आधी ०-०, परत २-२, आणि शेवटी न्यूट्रल ग्राउंडवर, वेस्ट ब्रॉमच्या हॉथॉर्न्सला, २-१. त्या काळी कपच्या या राउंडमध्ये पेनल्टी शूटआउट नव्हतं, निकाल लागेपर्यंत खेळत राहायचं, आणि मधे लीगच्या मॅचेस चालूच.

समोर कोण होतं

न्यूकॅसल युनायटेड हे नाव १८९२ मध्ये ठेवलं गेलं, शहरातला वेस्ट एंड क्लब बंद पडला आणि ईस्ट एंड त्यांच्या सेंट जेम्स पार्कवर येऊन बसला तेव्हा. त्यानंतर हा क्लब पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळात इंग्लंडमधला सगळ्यात दमदार क्लब होता. १९०५, १९०७, १९०९ ला लीग, परत १९२७ ला लीग. एफए कप १९१०, १९२४, १९३२ ला, आणि मग ज्या काळाच्या आठवणी तिथले म्हातारे लोक अजून सांगतात तो काळ, १९५१, १९५२ आणि १९५५, पाच वर्षांत तीन कप. जॅकी मिलबर्न त्या टीमचा हिरो, १९५१ च्या फायनलचे दोन्ही गोल त्याचे. आणि १९५१, १९५२ ला कप उचलणारा कॅप्टन होता जो हार्वी, तोच १९७२ मध्ये न्यूकॅसलचा मॅनेजर होता. म्हणजे हेरेफर्डला आलेल्या टीमच्या बेंचवर एफए कप कसा जिंकतात हे स्वतःच्या हातांनी माहीत असलेला माणूस बसला होता.

१९६९ मध्ये याच हार्वीने न्यूकॅसलला इंटर-सिटीज फेअर्स कप ही युरोपातल्या क्लबची स्पर्धा जिंकून दिली, हंगेरीच्या उइपेस्ट डोझाला दोन मॅचेस मिळून ६-२ ने हरवून, आणि त्यातले तीन गोल मारले डिफेंडर असलेल्या कॅप्टन बॉबी मॉन्करने! मॉन्कर हेरेफर्डविरुद्धही कॅप्टन होता. शिवाय १९७१ मध्ये ल्यूटनकडून १ लाख ८० हजार पौंडाला माल्कम मॅकडोनाल्ड आणलेला, ज्याने घरच्या पहिल्याच मॅचला लिव्हरपूलविरुद्ध हॅटट्रिक मारली आणि लोकांनी त्याला सुपरमॅक म्हणायला सुरुवात केली.

पण या क्लबच्या इतिहासात एक दुखरी जागा आहे आणि ती सदर्न लीगशीच जोडलेली आहे. १९०७ मध्ये, ज्या सीझनला न्यूकॅसलने लीग जिंकली त्याच सीझनला, क्रिस्टल पॅलेसने, तेव्हा ते सदर्न लीगमध्ये होते, सेंट जेम्स पार्कवर येऊन त्यांना कपमध्ये १-० ने हरवलं. मग १९६४ मध्ये बेडफर्ड टाउनने, तेही सदर्न लीगचेच, त्याच ग्राउंडवर २-१. तेव्हा न्यूकॅसल सेकंड डिव्हिजनमध्ये होतं हे खरं, तरी मार तो मारच. म्हणून हेरेफर्डचा निकाल आभाळातून पडल्यासारखा सांगतात ते मला पटत नाही. हा क्लब कपमध्ये लहान टीमसमोर अडखळायचा, हे तिथल्या जुन्या लोकांना नवीन नव्हतं.

सेंट जेम्स पार्क, २४ जानेवारी १९७२

मॅच पावसामुळे आधी पुढे ढकलली गेली आणि शेवटी सोमवारी झाली. ३९ हजारांवर लोक. सुरू होऊन १७ सेकंद झाले आणि ब्रायन ओवेनने हेरेफर्डचा गोल मारला. न्यूकॅसल सावरलं, मॅकडोनाल्डची पेनल्टी आणि जॉन ट्युडरचा गोल, २-१. नेहमीच्या हिशेबाने इथे गोष्ट संपायला हवी होती पण ॲडिसनने लांबून एक मारला आणि २-२ झाले. रिप्ले एडगर स्ट्रीटवर. मला विचाराल तर या दोन्ही मॅचेसमधला सगळ्यात कमी लेखलेला गोल हा आहे, कारण हा नसता तर पुढचं काहीच नसतं.

एडगर स्ट्रीट, ५ फेब्रुवारी १९७२

पाऊस थांबायचं नाव घेईना म्हणून रिप्ले पुन्हा पुन्हा पुढे गेला, इतका की शेवटी तो चौथ्या राउंडच्या शनिवारी खेळवावा लागला. बाकी सगळे क्लब पुढचा राउंड खेळतायत आणि हे दोघं अजून तिसऱ्यातच. अधिकृत आकडा चौदा हजारांच्या वर, आणि ज्यांना आत जागा मिळाली नाही ते झाडांवर आणि फ्लडलाइटच्या खांबांवर चढलेले. ग्राउंड म्हणजे नुसता चिखल, मधल्या भागात गवत शोधावं लागेल असा.

न्यूकॅसलने दाब टाकला, गोलकीपर फ्रेड पॉटरने बरंच अडवलं, काही बारला लागलं. हेरेफर्डचा राइट बॅक रॉजर ग्रिफिथ्स पायाचं हाड मोडलेलं असताना बराच वेळ खेळत राहिला, शेवटी त्याच्या जागी रिकी जॉर्ज आला. ८२ व्या मिनिटाला मॅकडोनाल्डने हेडर मारला, ०-१, आता संपलं असंच सगळ्यांना वाटलं असणार.

मग तीन-चार मिनिटांनी रॅडफर्डने मिडफील्डमध्ये टॅकल करून बॉल काढून घेतला, ओवेनला दिला, ओवेनने परत दिला, बॉल त्या खराब ग्राउंडवर छान उसळून वर आला आणि रॅडफर्डने तीसेक यार्डांवरून जो उजव्या पायाने हाणला तो न्यूकॅसलचा गोलकीपर विली मॅकफॉलला पार करून वरच्या कोपऱ्यात. पार्का जॅकेट घातलेली शेकडो पोरं ग्राउंडवर धावत आली, रॅडफर्ड दोन्ही हात वर करून पळतोय आणि पोरं त्याच्या मागे. हा गोल त्या वर्षीचा बीबीसीचा गोल ऑफ द सीझन ठरला. त्यात नशिबाचा भाग होताच, बॉल तसा उसळला नसता तर तो शॉट तसा बसला नसता, पण त्या चिखलात ८५ मिनिटं पळून झाल्यावर टॅकल जिंकायची, पास देऊन परत पुढे पळायचं आणि तिथून मारायचं डोक्यात आणायचं, हे नशीब नाही.

एक्स्ट्रा टाइमच्या १०३ व्या मिनिटाला रिकी जॉर्जने पाठ गोलकडे असताना बॉल घेतला, वळला आणि मॉन्करच्या बाजूने जमिनीलगत लांबच्या पोस्टच्या आत मारला. २-१. पोरं परत ग्राउंडवर. १९४९ मध्ये येओव्हिलने संडरलंडला हरवलं त्यानंतर नॉन-लीग क्लबने फर्स्ट डिव्हिजनच्या क्लबला कपमध्ये हरवलं ते तब्बल २३ वर्षांनी.

कॉमेंट्रीला २६ वर्षांचा जॉन मॉटसन होता. बीबीसीच्या मॅच ऑफ द डे या कार्यक्रमात या मॅचला शेवटी थोडासाच वेळ द्यायचं ठरलं होतं पण निकाल बघून तीच पहिली आणि मुख्य मॅच केली. मॉटसनची कारकीर्द इथून खऱ्या अर्थाने सुरू झाली, तो स्वतःही पुढे आयुष्यभर तसंच सांगत आला.

पुढे काय झालं

चारच दिवसांनी चौथा राउंड, वेस्ट हॅमशी घरच्या ग्राउंडवर ०-०. रिप्ले १४ फेब्रुवारीला वेस्ट हॅमच्या अप्टन पार्कवर, कोळसा खाणकामगारांच्या संपामुळे वीज वाचवायची होती म्हणून सोमवारी भरदुपारी, तरी ४२ हजारांच्या वर लोक आले. जेफ हर्स्टने हॅटट्रिक मारली, हेरेफर्डकडून बिली मेडोजने एक, ३-१ ने कप संपला. न्यूकॅसल एडगर स्ट्रीटच्या पुढच्याच शनिवारी ओल्ड ट्रॅफर्डला जाऊन मँचेस्टर युनायटेडला २-० ने हरवून आलं. म्हणजे टीम वाईट होती म्हणून हरली हे म्हणणं कुणी करू नये.

सदर्न लीगमध्ये हेरेफर्ड दुसरं आलं. पहिलं आलं चेम्सफर्ड सिटी, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण चेम्सफर्डला फुटबॉल लीगमध्ये कधीच जागा मिळाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. लीग जिंकणारे बाहेर राहिले आणि दुसरे आत गेले ते त्या फेब्रुवारीमुळे. उन्हाळ्यातल्या मतदानात हेरेफर्ड आणि बॅरो यांना सारखी २६-२६ मतं पडली, परत मतदान झालं आणि हेरेफर्ड २९-२० ने आत. बॅरो फोर्थ डिव्हिजनमध्ये शेवटचं आलेलं नव्हतं, त्यांच्या खाली दोन क्लब होते, पण दूर कोपऱ्यातल्या त्या गावाच्या बाजूने मतं पडली नाहीत. १९२१ पासून लीगमध्ये असलेला क्लब असा बाहेर पडला, आणि परत यायला त्यांना २०२० उजाडलं. हेरेफर्डचा आनंद जेवढा खरा तेवढंच हेही खरं आहे. खेळाच्या जोरावर आपोआप वर जायची सोय १९८७ मध्ये आली.

हेरेफर्डचा डडली टायलर त्या उन्हाळ्यात वेस्ट हॅमला गेला, नॉन-लीग खेळाडूसाठी तेव्हाची विक्रमी रक्कम होती, २५ हजार पौंड. क्लब पहिल्याच वर्षी थर्ड डिव्हिजनमध्ये गेला, १९७६ मध्ये ती जिंकून एक सीझन सेकंड डिव्हिजनही खेळून आला. मग घसरण, १९९७ मध्ये शेवटच्या दिवशी घरच्या ग्राउंडवर ब्रायटनशी १-१ आणि लीगमधून बाहेर. परत आत आले, परत बाहेर गेले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये देण्यांमुळे कोर्टाने क्लबच बंद करायला लावला. चाहत्यांच्या पुढाकाराने हेरेफर्ड एफसी हा नवा क्लब उभा राहिला, २०१५ मध्ये एडगर स्ट्रीटवरच, पण थेट नवव्या पातळीपासून. पहिल्याच सीझनला एफए व्हेसच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या क्लबच्या कपच्या, फायनलला वेम्ब्लीला पोचले, मॉर्पेथ टाउनकडून ४-१ ने हरले, आणि लागोपाठ तीन प्रमोशन घेत २०१८ मध्ये नॅशनल लीग नॉर्थमध्ये आले.

रिकी जॉर्ज पुढे अर्थ समिट या घोड्याच्या मालकांपैकी एक होता, त्या घोड्याने १९९८ ची ग्रँड नॅशनल शर्यत जिंकली. रॅडफर्ड नोव्हेंबर २०२२ मध्ये गेला आणि मॉटसन त्यानंतर काही महिन्यांतच. न्यूकॅसलला १९५५ नंतर देशातली मोठी ट्रॉफी मिळाली ती थेट मार्च २०२५ मध्ये, लीग कपच्या फायनलला लिव्हरपूलला २-१ ने हरवून.