पॉप की रॉक? आधी ड्रमर बदलून बघा

स्वतःचा असा पहिला अल्बम कोणता, हे विचारलं की बरीच माणसं उत्तराआधी घसा खाकरतात. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' सांगणारा लगेच पुस्ती जोडतो, "पण त्यात रॉकपण आहे हं." डेफ लेपर्डचा 'हिस्टेरिया' सांगणाऱ्याला शेजारचा हसून म्हणतो, "तो कसला रॉक, तो तर पॉप." आणि प्रत्येक टोळक्यात एक असा असतोच, ज्याचा पहिला अल्बम पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा 'डार्क साइड ऑफ द मून' होता. वयाच्या दहाव्या वर्षी. माझा यावर काडीचा विश्वास नाही, पण ते असो.

या सगळ्यांच्या डोक्यातला हिशेब एकच असतो. गिटार आहे, दणका आहे, म्हणजे रॉक. गोड आहे, पाय हलतात, म्हणजे पॉप. हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून लिहायला बसले.

पॉप कसं असतं हे सांगत बसत नाही. तीन-चार मिनिटं, एक आवाज, एक चेहरा, आणि एखादी ओळ जी सकाळी डोक्यात शिरली की रात्रीपर्यंत निघत नाही. ते तुम्हाला पाठ आहे. पंचाईत होते ती त्याला रॉकपासून वेगळं काढताना. तिथे जो तो हाताला लागेल ती फूटपट्टी उचलतो.

त्यातली सगळ्यात रद्दी म्हणजे 'पॉप म्हणजे पॉप्युलर'. शब्द तिथून आला, मान्य. पण शास्त्रीय संगीत शास्त्रज्ञ गात नाहीत. पिंक फ्लॉइडचा तो 'डार्क साइड' 1973 साली आला आणि 1988 पर्यंत सगळे मिळून 741 आठवडे अमेरिकेच्या बिलबोर्ड अल्बम यादीत होता. तरी त्याला कोणी पॉप म्हणत नाही. उलट ढिगाने पॉप अल्बम निघतात आणि कुणाच्या खिजगणतीतही नसतात. खपले नाहीत म्हणून ते रॉक होत नाहीत.

दुसरी फूटपट्टी जरा शहाण्या लोकांची: रॉकवाले स्वतःची गाणी स्वतः लिहितात. रॉक अँड रोल गाणारा एल्विस लिहीत नव्हता. आब्बा या पॉप गटाची गाणी मात्र आब्बातलेच बेनी आणि ब्यॉर्न रचायचे. पॉप गायिका ब्रिटनी स्पीअर्सचं 1998 साली आलेलं पहिलं गाजलेलं गाणं मॅक्स मार्टिनने लिहिलं, आणि दोनच वर्षांनी बॉन जोव्ही या रॉक बँडच्या 'इट्स माय लाइफ'वर त्याच मॅक्स मार्टिनचं नाव आहे. ही फूटपट्टी इथेच मोडते.

तिसरी म्हणजे, रॉक अख्खा अल्बम ऐकायचा, पॉपचं सुटं गाणं. यात थोडं तथ्य आहे. लेड झेपेलिन हा रॉक बँड तर ब्रिटनमध्ये हट्टाने सिंगल, म्हणजे सुटं गाणं, काढत नसे. पण 'थ्रिलर' मी कधी सुटा ऐकलेला नाही, आणि तुम्हीही नसेल. (रॉक आणि रॉक अँड रोल यांतला फरक विचारणाऱ्यांसाठी: रॉक अँड रोल हे पन्नाशीच्या दशकातलं मूळ, रॉक हे साठच्या दशकात त्यातून फुटलेलं झाड. पुढे चला.)

आता खरी गाठ. ती सोडवायला दोन गाणी शेजारी ठेवते: मायकल जॅक्सनचं 'बीट इट' आणि व्हॅन हेलन या रॉक बँडचं 'जंप'.

'थ्रिलर' ही माझीही पहिली कॅसेट. मावसभावाने दिलेली. 'बीट इट' बी बाजूचं पहिलंच गाणं, त्यामुळे ते पुन्हा लावणं सोपं. टेप तिथेच सगळ्यात आधी झिजली. सुरुवातीला घंटेसारखे जड, सावकाश टोले. मग ड्रम, मग तो गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा. अडीच मिनिटं उलटून गेल्यावर कुणीतरी दारावर टकटक केल्यासारखा आवाज येतो आणि गिटार अक्षरशः किंचाळायला लागते. तो अर्ध्या मिनिटाचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारची करामत, व्हॅन हेलन बँडच्या एडी व्हॅन हेलनची. त्या काळात त्याच्याइतका गाजलेला रॉक गिटारिस्ट शोधावा लागला असता. रिफची गिटार आणि बेस वाजवणारा स्टीव्ह लुकाथर आणि ड्रमवरचा जेफ पोर्कारो, दोघे टोटो या रॉक बँडचे. म्हणजे रिफ, सोलो, बेस, ड्रम, सगळे हात रॉकचे. मग गाणं रॉकचंच की! पुढची कित्येक वर्षं मी हेच सांगत फिरले.

'जंप' आलं 1983 संपता संपता. त्याचा आत्मा म्हणजे सुरुवातीचे ते सिंथेसायझरचे सूर. चकचकीत, आनंदी, पहिल्या पाच सेकंदांत ओळखू येणारे, भरल्या स्टेडियममध्ये लावावेत असे. वाजवणारा कोण? तोच एडी. ज्याने जॅक्सनच्या गाण्यात गिटार किंचाळवली, तोच स्वतःच्या बँडमध्ये कीबोर्डवर बसला. गाणं अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याचा अल्बम मात्र दुसऱ्यावर अडकला, कारण वर 'थ्रिलर' ठाण मांडून बसला होता. एडी स्वतःच्याच सोलोच्या खाली अडकला, असं म्हणायला मला फार आवडतं.

फूटपट्टीवाल्यांच्या हिशेबाने 'बीट इट' रॉक आणि 'जंप' पॉप व्हायला हवं. प्रत्यक्षात बरोबर उलट आहे. हे कळायचं तर वाद्यं मोजणं सोडा आणि एवढंच विचारा: यातला कोण बदलला तर हे गाणं, हा अल्बम, हे नाव उरणार नाही?

'बीट इट'मध्ये उत्तर एकच आहे: मायकल. एडी पाहुणा होता, सोलो वाजवून घरी गेला. लुकाथरने तर नंतर सांगितलंय की त्याने आधी वाजवलेली गिटार निर्माता क्विन्सी जोन्सला फार जड वाटली आणि लहान अँप्लिफायरवर पुन्हा वाजवावी लागली. यात कुणाचा अपमान नाही. गिटार तिथे आवाजाच्या सेवेला उभी आहे, तिने आपल्या मापात राहायचं. 1987 साली जॅक्सन जगाच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा तो सोलो जेनिफर बॅटन वाजवायची. झकास वाजवायची. एडी नाही म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. पण मायकलच्या जागी दुसरा कुणी उभा करून बघा.

व्हॅन हेलनमध्ये 1985 साली गायक गेला. डेव्हिड ली रॉथ, उड्या मारणारा, बडबड्या, बँडचा चेहराच तो. पॉपमध्ये तिथे पडदा पडला असता. इथे सॅमी हेगर आला आणि पुढच्या वर्षीचा '5150' हा त्यांचा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला पहिला अल्बम ठरला. चेहरा बदलला तरी व्हॅन हेलन व्हॅन हेलनच राहिले, कारण गिटारवर एडी आणि ड्रमवर त्याचा भाऊ अॅलेक्स जागेवर होते. त्या दोघांना काढून नाव चालवणं शक्यच नव्हतं.

फरक हा असा आहे. पॉपमध्ये गाणं एका आवाजाभोवती बांधतात, बाकीचे हात उत्तमातले उत्तम भाड्याने आणता येतात. रॉकमध्ये ठराविक माणसं एकत्र वाजवताना जे होतं, तोच माल असतो; गायक त्यातला एक. म्हणून मी म्हणते, मनातल्या मनात ड्रमर बदलून बघा. गायक नको, गिटारिस्टही नको, कारण त्यांच्यावर दिवे असतात. ड्रमर मागे अंधारात बसलेला असतो, त्याच्यावरून खरं कळतं. ड्रमर जॉन बोनम 1980 च्या सप्टेंबरात वारला आणि त्याच वर्षी डिसेंबरात लेड झेपेलिनने जाहीर केलं की आता पुढे जाता येणार नाही. जगातला कुठलाही ड्रमर त्यांना मिळाला असता. आता आब्बाच्या अल्बमची कव्हरं आठवा. दोन मुली, दोन मुलगे. ड्रमर कुठाय? त्यांच्या असंख्य गाण्यांवर ओला ब्रुंकर्टने ड्रम वाजवलेत, हे नाव तुम्ही बहुतेक आत्ताच ऐकलं. बँडसारखी दिसणारी चार माणसं आहेत, पण संगीत नखशिखान्त पॉप. आणि काय पॉप!

इथे माझा एक राग काढून घेते. पॉपमधले हात बदलता येतात म्हणजे ते हलके, बनावट, कारखान्यातले, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, हल्ली उठून जाते. दुसऱ्याच्या गाण्यात आपला तोरा बाजूला ठेवून नेमकं तेवढंच वाजवणं हे स्वतःच्या बँडमध्ये वीस मिनिटांचा सोलो ठोकण्यापेक्षा मला अवघड वाटतं. पोर्कारोचे ड्रम ऐका 'बीट इट'मध्ये. एक ठोका जास्त नाही.

ही कसोटी सगळीकडे धारदार चालते असं नाही. 'हिस्टेरिया'च घ्या. डेफ लेपर्डचा ड्रमर रिक अॅलन याचा डावा हात 1984 च्या शेवटच्या दिवशी मोटार अपघातात गेला. बँडने दुसरा ड्रमर शोधला नाही. तो पायांनीही चालवायच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर नव्याने वाजवायला शिकला, बाकीचे त्याच्यासाठी थांबले. माझ्या कसोटीवर हा पैकीच्या पैकी रॉक बँड. पण 1987 साली निघालेला अल्बम कानाला लावा. निर्माता मट लँगला हार्ड रॉकमधला 'थ्रिलर' करायचा होता, ज्यातलं कुठलंही गाणं सिंगल म्हणून काढता येईल असा. गिटारचे कॉर्ड एकेक सूर वेगळा ध्वनिमुद्रित करून जुळवलेले, ड्रमचे आवाज यंत्रात रचलेले, मागच्या कोरसचे थरावर थर. बारापैकी सात गाणी सिंगल म्हणून निघाली. 'थ्रिलर'ची नवापैकी सात. माणसं रॉकची, बांधणी पॉपची. शेजारचा हसतो ते अगदीच चूक नाही, पण त्याने ड्रमरची गोष्ट ऐकून मग हसावं. मी तो रॉकच्या कप्प्यात ठेवते.

एकट्याच्या नावाने गाणाऱ्या रॉकवाल्यांपाशी, डेव्हिड बोवीसारख्यांपाशी, कसोटी सरळ सरळ हात टेकते. त्याचे वादक सारखे बदलत गेले आणि तो बोवीच राहिला. तिथे मी वाद न घालता गाणं ऐकते.

मावसभावाला हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने नेमकी दुखरी नस दाबली. "मग तुझे ते टोटो? पोर्कारो 1992 मध्ये गेला, त्यांनी सायमन फिलिप्सला घेतलं आणि बँड चालू ठेवला. म्हणजे पॉप का?" मी म्हटलं, त्यांचं 'रोझाना' ऐक. त्यातला पोर्कारोचा शफल, म्हणजे तो झुलता ठेका, आजही ड्रम शिकणारी पोरं महिनोन्महिने घोटतात, आणि त्या जागेवर कुणीही बसला तरी ऐकणारे आधी तोच ठेका बरोबर पडतोय का ते बघतात. तो म्हणाला, "जेनिफर बॅटनच्या सोलोलाही लोक तेच करत असतील की." यावर अजून मला धड उत्तर सुचलेलं नाही.