वळवानंतरचे तीन आठवडे

बेळगावात एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात वळीव येतो. दोन-चार सरी पडल्या की आठवड्याभरात आमच्या अनगोळच्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर हिरवी नक्षी उमटते. गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, जमिनीला घट्ट चिकटलेली पानं. हे गाजरगवत. आमच्या भागात मराठी काय आणि कानडी काय, सगळे त्याला नुसतं ‘काँग्रेस’ म्हणतात. प्लॉटचे मालक पुण्याला असतात आणि दिवाळीला एकदा येतात. तोवर ते गवत कमरेच्या वर जाऊन, फुलून, बी टाकून मोकळं झालेलं असतं.

आमचं घर आणि तो प्लॉट यांच्यामध्ये पाच फुटांची भिंत आहे. ती असूनही दरवर्षी आमच्या परसात, बरोबर भिंतीच्या कडेनं, गाजरगवताची रांग उगवायची आणि मी ती कुदळीनं खोल खणून काढायची. माती वर-खाली केली की मुळासकट नायनाट होईल, असं मला वाटायचं. पुढच्या वळवाला रोपं दुपटीनं यायची. असं का होतं, हे शोधताना मला या वनस्पतीचं खरं बळ कशात आहे ते कळलं.

गाजरगवताचं पांढरं फूल ज्वारीच्या दाण्याएवढं असतं. खरं तर तो फुलांचा एक गुच्छ असतो आणि एका गुच्छात पाचच बिया धरतात. पण एका झाडावर असे गुच्छ हजारोंनी लागतात, त्यामुळे एक चांगलं वाढलेलं झाड 15,000 ते 25,000 बिया देतं. जमिनीच्या पृष्ठभागावर पडून राहिलेलं बी काही महिन्यांतच मरतं. तेच बी चार-पाच सेंटीमीटर खोल गाडलं गेलं, तर ते तिथं वर्षानुवर्षं जिवंत राहतं. वर आलं की रुजायचं, तोवर झोपून राहायचं. म्हणजे मी दर हिवाळ्यात कुदळ मारत होते तेव्हा त्या वर्षीच्या ताज्या बिया खाली जपून ठेवत होते आणि आधीच्या वर्षांच्या बिया रुजायला वर काढून देत होते. तणाशी लढताना माती जितकी कमी हलवाल तितकं बरं, हे मला फार उशिरा समजलं.

भिंत ओलांडण्याची रीतही मला वाटत होती तशी नव्हती. रुईच्या बीसारखी म्हातारी या बीला नसते, त्यामुळे ते वाऱ्यावर लांब उडत नाही. बहुतेक बी आईच्या पायाशीच पडतं आणि पुढचा प्रवास पाण्यातून, चिखलातून करतं. पावसाचं पाणी जायला भिंतीच्या तळाशी ठेवलेली भोकं, चपलेचा तळवा, स्कूटरचं टायर, कुणीतरी अंगणात भर म्हणून आणून टाकलेला मुरूम, या त्याच्या वाटा आहेत. आमच्याकडची रांग भिंतीच्या कडेनं का होती, ते आता कुणालाही कळेल. मी त्या भोकांसमोर बारीक जाळी आणि खडीचा थर दिला. तिथं साचणारा गाळ दर पावसानंतर उचलते आणि परसात पसरू देत नाही.

ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली, मेक्सिकोच्या बाजूची. 1950 च्या दशकात पुण्यात ती आढळल्याची नोंद झाली आणि तिथून ती देशभर पसरली. आयात केलेल्या गव्हातून ती आली, असं सर्रास सांगतात. तिचे त्याआधीचे वाळवलेले नमुनेही भारतात मिळाले आहेत, पण तिचा झपाटा वाढला तो त्यानंतर. मायदेशात तिला खाणारे कीटक आहेत, तिच्यावर पडणारे बुरशीजन्य रोग आहेत. इथं येताना ते मागे राहिले. आपली गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि नाइलाजानं खाल्लीच तर दूध कडू होतं. शिवाय तिच्या पाना-मुळांतून पार्थेनिनसारखी रसायनं मातीत उतरतात आणि शेजारच्या झाडांचं बी रुजू देत नाहीत. तिचे परागकण टोमॅटो, मिरची, वांग्याच्या फुलांवर पडले तर फळधारणा घटते, असंही अभ्यासात दिसलं आहे.

पण परदेशी म्हणजे वाईट, असा अर्थ कुणी काढू नये. आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यातलं रताळं अमेरिकेचंच, मिरची तिथलीच, दसऱ्याचा झेंडूही मेक्सिकोचा. ही पिकं माणसानं लावली तिथंच राहिली. प्रश्न, बोलावलेलं नसताना वाढून दुसऱ्या कुणाला जागा न ठेवणाऱ्या वनस्पतींचा आहे.

कर्नाटक सरकारनं 1975 सालीच गाजरगवताला कायद्यानं उपद्रवी तण ठरवलं. आपल्यापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, धारवाडच्या कृषी विद्यापीठात, 1997 मध्ये या एका तणावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. त्याआधी 1984 मध्ये बेंगळूरुला मेक्सिकोतून आणलेले, गाजरगवत खाणारे झायगोग्रामा भुंगे सोडण्यात आले. पिवळसर पांढरे, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले हे भुंगे जुलै-ऑगस्टमध्ये नीट पाहिलं तर आपल्याकडेही दिसतात. ते आणि त्यांच्या अळ्या झाडाची चाळण करतात. मध्यंतरी ते सूर्यफुलाच्या पानांवर दिसले आणि शेतकरी धास्तावले. पानांवर पडलेल्या गाजरगवताच्या परागांमुळे ते तिथं खातात, असं तपासात पुढं आलं. भुंग्यांचा मला आदर वाटतो, पण त्यांच्या भरवशावर परसू सोडता येत नाही. ते मातीतून बाहेर येतात मोसमी पावसात, आणि वळवाला उगवलेली रोपं तोवर फुलावर आलेली असतात.

उगवल्यापासून फूल यायला साधारण चार आठवडे लागतात. म्हणून वळवानंतरचे पहिले तीन आठवडे हाती असतात. माती ओली असते, रोप वीतभर असतं, मूळ अलगद निघून येतं. या दिवसांत उपटलेलं रोप कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलं तर त्याचं चांगलं खत होतं. फूल आल्यानंतर मात्र ते खड्ड्यात नको, कारण घरच्या खड्ड्यात सगळं बी मरेल इतकी उष्णता सहसा होत नाही. वरून यंत्रानं कापणं तर अजिबात नको. बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात आणि ते खुजे झाड आणखी लवकर फुलतं. पडीक जागेवर मिठाचं 15 ते 20 टक्के द्रावण फवारण्याची शिफारस आहे, पण जिथं उद्या भाजी लावायची त्या मातीत मीठ घालायला माझा हात धजत नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. हे गवत उघड्या हातांनी उपटू नका. पार्थेनिनची ॲलर्जी पहिल्या दिवशी येतेच असं नाही. वर्षानुवर्षं संपर्क आल्यावर एखाद्या वर्षी पापण्या, मान, कोपराची घडी लाल होऊन खाजू लागते, आणि एकदा सुरू झाली की पुढं नुसत्या हवेतल्या कणांनीही उठते. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवाच. मजुरीवर बाई लावली असेल तर तिलाही हे सगळं द्या. तिचा संपर्क आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

उपटल्यावर उरते ती उघडी माती, आणि उघडी माती हेच गाजरगवताला आमंत्रण. त्या जागी दाट सावली करणारं काहीतरी हवं. टाकळा आणि झेंडू गाजरगवताला दाबतात, हे संशोधकांनी तपासलेलं आहे. मी भिंतीच्या कडेला टाकळा येऊ देते, कोवळा असताना भाजीला खुडते, आणि मृगाच्या पावसावर पुढं रताळ्याचे वेल लावते. दीड-दोन महिन्यांत माती दिसेनाशी होते.

शेजारून येणारं प्रत्येक झाड मात्र असं वागत नाही. घाणेरीची काळी फळं बुलबुल खातात आणि बी आपल्या कुंपणावर बसून टाकतात. तिथं जाळी कामाची नाही, कुंपणाखाली नजर हवी. मोठी घाणेरी वरून तोडली की पुन्हा फुटते. जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली तिचं मुख्य मूळ तोडून खोड उलटं ठेवावं लागतं. शोभेसाठी लावलेला पिवळ्या फुलांचा वेडेलिया पेरापेराला मुळं सोडत भिंतीखालून येतो, त्याचा एक तुकडा राहिला तरी पुरतो.

समोरच्या घरात प्लॉटमालकांचे थोरले भाऊ राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. यंदा वळवानंतर दहाव्या दिवशी मी त्यांच्या अंगणात बसून हे सगळं सांगितलं, तक्रार न करता. त्यांनी पुण्याला फोन लावला, बोलले आणि म्हणाले, “काढूया की. पण मशीन नको म्हणतीस, तर माणसं लावाय पायजे. अर्धे पैसे तो देतोय.” रविवारी सकाळी चौघींनी मिळून तो प्लॉट उपटला. एकाही रोपाला अजून कळी नव्हती. तो सगळा ढीग आता आमच्या खड्ड्यात शेणकाल्याखाली कुजतो आहे, आणि प्लॉटच्या कडेनं अण्णांनी स्वतः झेंडू टोकला आहे.