आज्जांच्या आयुष्यामागचा इतिहास : पलटण, घाट आणि एस.टी.

आमचे आज्जा नव्वदी ओलांडून गेले. त्यांचे इटलीचे, घाटातल्या रात्रींचे किस्से घरात सगळ्यांना पाठ आहेत. पण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला भात पिकवणारा पोरगा इटलीत पोचलाच कसा, हे विचारलं तर धाकटी मंडळी गप्प होतात. त्यांच्यासाठी ही पार्श्वभूमी.

सुरुवात पलटणीपासून करावी लागते. १७६८ साली मुंबईच्या इंग्रजांनी उभी केलेली शिपायांची पलटण म्हणजे आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीचं मूळ. १९२२ साली रेजिमेंटचं केंद्र बेळगावात आलं आणि आसपासच्या गावांना भरतीचं मैदान अगदी दाराशी झालं. त्याआधीच्या पिढीतले जवान पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले होते. कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली, तेव्हा त्यातले कितीतरी परत आले नाहीत. हे सगळं ठाऊक असूनही पोरं भरतीला जात राहिली. कारण साधं होतं. आमच्याकडं धूळवाफ पेरणी करून पावसाची वाट बघायची, भात आलं तर वर्षभर खायचं. जमीन थोडी, भावंडं पुष्कळ. रोख पैसा घरात यायचा तो मनिऑर्डरनंच.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सेना दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेली. या लोंढ्यात आज्जा गेले. आधी रायफल, मग कुणीतरी त्यांना ट्रकच्या स्टिअरिंगवर बसवलं, आणि पुढचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीनं ठरवलं. आठवी इंडियन डिव्हिजन सप्टेंबर १९४३मध्ये इटलीतल्या तारांतो बंदरात उतरली, तिच्यात मराठा रेजिमेंटची पहिली पलटण होती. सांग्रो नदीचा चिखल, अपेनाइन डोंगरातला बर्फ, ट्रक जिथं थांबेल तिथून पुढं खेचरांवरून दारूगोळा. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना नदीपार आणलं, हाताला गोळी लागलेली असताना मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या आणि बांधावर चढून पलटणीची गर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आज्जा त्या दिवशी मागं गाडीवर होते. जाधवांचं नाव निघालं की ते ताठ बसून बोलायचे. स्वतःबद्दल मात्र एवढंच सांगायचे, की दिवे बंद ठेवून डोंगर उतरायला इटलीत शिकलो.

ते शिक्षण घाटात कामी आलं. १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस.टी. धावली आणि दोन-तीन वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत गाड्या आल्या. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. पलटणीतून सुटलेला ड्रायव्हर एस.टी.ला हवाच होता. आज्जांना आंबोलीकडची ड्युटी मिळाली. वेंगुर्ला बंदर आणि बेळगावची छावणी जोडणारा हा जुना रस्ता, आणि आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. धुक्यात पुढचं वळण दिसत नाही. कंडक्टर पायरीवर उभा राहून काठाचा अंदाज सांगायचा आणि आज्जा ज्या गिअरनं घाट चढले त्याच गिअरनं उतरायचे. डबा घरचाच असे. मुक्कामाच्या गाडीला आज्जी दोन डबे बांधायची, एक यांचा, एक कंडक्टरचा.

गोव्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथं इतिहास थेट आमच्या घरात शिरला. आज्जांची थोरली बहीण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दिलेली. चोर्ला घाटाच्या बाजूनं पायवाटेनं माहेरपण चालायचं. १५ ऑगस्ट १९५५ला हजारो सत्याग्रही निःशस्त्र गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसं पडली. त्या आठवड्यात आज्जांच्या गाडीत पासिंजरांपेक्षा सत्याग्रहीच जास्त होते. पुढं भारत सरकारनं हद्द आवळली, कॅसलरॉकवरून मुरगावला जाणारी रेल्वे थांबली. बहिणीची राखी नाही, पत्र आलंच तर महिन्यांनी. एकदा रात्री डोंगरातून जाऊन तिला भेटून आले, असं आज्जी सांगायची. आज्जांनी हे कधी कबूल केलं नाही, नाकारलंही नाही.

डिसेंबर १९६१मध्ये बेळगावचे रस्ते लष्करी ट्रकांनी भरले. गोवा घ्यायला जनरल कँडेथ यांची सतरावी डिव्हिजन इथूनच निघाली, एक वाट अनमोड घाटावरून गोव्यातल्या मोलेकडं. १९ तारखेला संध्याकाळी पोर्तुगीजांनी शरणागती दिली. त्या संक्रांतीला आज्जा रजा टाकून सत्तरीत गेले आणि बहिणीला पोराबाळांसकट महिनाभर माहेरी घेऊन आले. आमच्या घरातला सगळ्यात जुना एकत्र फोटो त्या महिन्यातला आहे.

मधल्या काळात आणखी एक मोठी गोष्ट घडली होती. १९४६च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तरी १ नोव्हेंबर १९५६ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. एस.टी.ची गाडीही गेली. ऑगस्ट १९६१मध्ये म्हैसूर राज्य परिवहन महामंडळ आलं, १९७३ला राज्याचं नाव कर्नाटक झालं. आज्जा बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्या सीमालढ्यातले होते, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत न चुकता चालायचे. डेपोतले हुकूम कन्नडात यायला लागले तेव्हा पस्तिशी उलटल्यावर त्यांनी ती लिपीही शिकून घेतली. शिकवणारा बैलहोंगलकडचा मेकॅनिक होता. त्या दोघांची दोस्ती शेवटपर्यंत टिकली, आणि फेरीच्या दिवशी तो मेकॅनिक आज्जांची ड्युटी बदलून द्यायला साहेबाशी बोलायचा. सीमाभागात आम्ही असेच जगलो, मागणी सोडली नाही आणि शेजारही सोडला नाही. बाहेरच्यांना हे नीट कळत नाही याचं मला वाईट वाटतं.

निवृत्तीनंतर त्यांनी लिलावातली जुनी जीप घेतली. त्या जीपवर तिन्ही मुलींना आणि दोन सुनांना गाडी शिकवली, तेही गावातली बाई सायकलवर बसली तरी चर्चा व्हायची त्या काळात. शिकवणी सपाट मैदानावर नसे, जांबोटीच्या चढावर असे. धाकटी आत्या आता सत्तरीची आहे. चोर्ल्याच्या रस्त्यानं ती अजून स्वतः गाडी घेऊन गोव्यातल्या आतेभावंडांकडं जाते, जाताना बेळगावचा कुंदा आणि मांडे नेते, येताना फणस आणि कोकम आणते.