किवी : निवड, साठवण आणि सेवन

ॲक्टिनिडिया प्रजातीतील वेलींच्या खाद्य फळाला किवी म्हणतात. या वेली मूळच्या चीनमधल्या. १९०४ साली इझाबेल फ्रेझर या मुख्याध्यापिकेने तिथून बी न्यूझीलंडला नेले आणि १९१० च्या सुमारास तिथे पहिली फळे धरली. ‘चायनीज गूजबेरी’ हे आधीचे नाव निर्यातीसाठी १९५९ मध्ये बदलले गेले आणि न्यूझीलंडच्या पक्ष्याचे नाव फळाला मिळाले. तपकिरी लव असलेले, हिरव्या गराचे फळ बहुधा ‘हेवर्ड’ वाणाचे असते. पिवळ्या गराच्या फळाची साल जवळजवळ बिनलवीची असते.

किवी आंबटढाण लागते म्हणून ज्यांनी ते सोडून दिले, त्यांनी बहुधा कच्चेच फळ कापलेले असते. वेलीवरून उतरवताना किवी टणक असते. गरात स्टार्च भरपूर आणि साखर जेमतेम. पुढे या स्टार्चची साखर होत जाते. विद्राव्य घटक (गराच्या रसात विरघळलेले, मुख्यतः साखर) काढणीच्या वेळी साधारण ६ ते ७ टक्के असतात, ते खाण्याजोग्या फळात १२ ते १५ टक्क्यांपर्यंत चढतात. आम्ल तेवढे उतरत नाही. त्यामुळे पिकलेल्या किवीलाही आंबटपणाची धार राहते, आणि तीच त्याची खरी चव.

निवडताना आकाराला महत्त्व देऊ नये. लहान फळही तितकेच गोड होते. फळ तळहातात घेऊन देठाच्या टोकाजवळ अंगठ्याचा मांसल भाग हलकेच टेकवावा. बोटाचे टोक रुतवले तर त्या जागी डाग पडतो आणि फळ तिथूनच नासू लागते. साल किंचित दबून पुन्हा वर आली तर फळ तयार आहे. दगडासारखे लागले तर अजून काही दिवस थांबावे लागेल. एकाच जागी खोल मऊपणा म्हणजे फळाला मार बसलेला आहे, सुरकुत्या म्हणजे पाणी उडालेले आहे, आणि दारूसारखा आंबूस वास येत असेल तर फळ उतरलेले आहे. कापल्यावरही एक खूण दिसते. कच्च्या फळाचा मधला पांढरा गाभा सुरीला अडतो आणि दाताखाली चिवट लागतो. पिकलेल्या फळातून सुरी सरळ उतरते आणि काळ्या बियांभोवतीचा गर ओलसर, किंचित पारदर्शक दिसतो.

साठवणीचे सगळे गणित इथिलीन या वायूवर चालते. हेवर्ड फळ स्वतः हा वायू फार उशिरा सोडते, पण बाहेरून अगदी थोडा लागला तरी मऊ पडू लागते. म्हणून शीतगृहात किवी हा वायू सोडणाऱ्या सफरचंदांपासून दूर, ०° सेल्सिअसच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. तिथे ते ४ ते ६ महिने टिकते. घरी हाच गुण उलटा वापरता येतो. टणक फळे कागदी पिशवीत सफरचंद किंवा पिकलेल्या केळ्यासोबत ठेवावीत. ही छोटीशी अढीच. दोन-चार दिवसांत फळे खाण्याजोगी होतात. मात्र रोज हात लावून पाहायला हवे, कारण तयार फळ लिबलिबीत व्हायला वेळ लागत नाही. तयार झालेली फळे फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस राहतात. टणक फळे तिथे काही आठवडेही टिकतात, मात्र शेजारी सफरचंद नको. धुवायचे ते खायच्या वेळी.

खाण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे फळ आडवे कापून चमच्याने गर काढणे. साल खाता येते आणि तिच्यात तंतूही असतात. लव घासून स्वच्छ धुतली की झाले. हिरव्या किवीच्या १०० ग्रॅम गरात क जीवनसत्त्व साधारण ७५ ते ९५ मिलिग्रॅम असते, पिवळ्यात १५० च्या आसपास. शिजवल्यावर यातले बरेचसे जाते, म्हणून किवी न शिजवताच खावे.

हिरव्या किवीत ॲक्टिनिडिन हे प्रथिने तोडणारे विकर असते. दह्यात फोडी घालून वाटी तासभर तशीच ठेवली की दही पातळ होते आणि कडवट लागते. फोडी आयत्या वेळीच घालाव्यात. जिलेटीनची जेलीही ताज्या किवीमुळे धरत नाही. गराला आधी उकळी आणली तर धरते. चायना ग्रास प्रथिनाचे नसल्याने त्याला हा त्रास नाही.

किवी खाताना जीभ थोडी चरचरते. याला हे विकर आणि गरातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक कारणीभूत असतात. पिकलेल्या फळात चरचर कमी जाणवते. ओठ सुजणे, अंगावर पित्त उठणे किंवा घसा आवळल्यासारखा होणे ही मात्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. रबराच्या चिकाची ॲलर्जी असणाऱ्यांमध्ये ती अधिक आढळते. अशा वेळी फळ खाणे लगेच थांबवावे, आणि श्वासाला त्रास होत असेल तर तडक दवाखाना गाठावा.