कृषिमाल साठवण केंद्राचे पर्यावरण व आरोग्य परवाने : ठाणे आणि नवी मुंबई

शेतमालाचे गोदाम, शीतगृह किंवा फळे पिकवण्याचे केंद्र उभारताना आणि चालवताना हवा, पाणी, अन्नाची शुद्धता व माणसांचे आरोग्य यांसाठी घ्याव्या लागणाऱ्या संमती आणि परवाने. यासाठी कुठलाही एकच दाखला मिळत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ, महापालिका, अन्न व औषध प्रशासन आणि अग्निशमन दल अशी वेगवेगळी दारे त्यासाठी ठोठवावी लागतात.

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य हे पाचही बाजार तुर्भे-वाशी पट्ट्यात आहेत. एकीकडे पारसिकचा डोंगर, दुसरीकडे ठाण्याची खाडी आणि मध्ये गोदामे, कारखाने व वस्ती अशी इथली दाटी असल्यामुळे गोदामातली हवा आणि शेजाऱ्याच्या घरातली हवा यांत फारसे अंतर उरत नाही.

पहिला प्रश्न जागेचा. तोच बहुतेक जण शेवटी विचारतात, आणि तिथेच पैसा अडकतो. भूखंड महापालिकेच्या, सिडकोच्या की एमआयडीसीच्या नियोजनाखाली येतो, यावर बांधकाम परवानगी कोण देणार हे ठरते. खाडीकाठी सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, रेषा तपासावी लागते. कांदळवनापासून 50 मीटरच्या आत बांधकामाला मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या निकालाने मनाई केली आहे. बांधकाम क्षेत्र 20,000 चौरस मीटर किंवा अधिक असेल, तर 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीचा प्रश्नही सुरुवातीलाच निकालात काढावा.

यानंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. व्यवहारात सगळे तिला ‘कन्सेंट’ म्हणतात. 1974 चा जल कायदा आणि 1981 चा वायू कायदा यांखाली ती दोन टप्प्यांत मिळते : आधी उभारणीसाठी आणि नंतर प्रत्यक्ष चालवण्यासाठी. शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरते. केंद्रीय मंडळाच्या 2016 च्या वर्गवारीत शीतगृह आणि बर्फ कारखाना ‘हरित’ म्हणजे कमी प्रदूषणाच्या गटात ठेवले होते. जनरेटरच्या धुराड्याची उंचीही सूत्राने ठरते : इमारतीच्या उंचीत जनरेटरच्या केव्हीएमधल्या क्षमतेच्या वर्गमूळाची 0.2 पट मीटरमध्ये मिळवायची. म्हणजे 100 केव्हीएच्या जनरेटरचे धुराडे छपराच्या 2 मीटर वर हवे.

हरित गट म्हणजे निर्धोक, असा अर्थ मात्र काढू नये. मोठ्या शीतगृहांत गारव्यासाठी बहुधा अमोनिया वापरतात. तो स्वस्त आहे, ओझोन थराला इजा करत नाही, पण हवेत त्याचे प्रमाण 300 पीपीएमला (दहा लाख भागांत 300 भाग) पोचले की ते जिवावर बेतणारे मानले जाते. वायू म्हणून तो हवेपेक्षा हलका असला, तरी गळतीच्या वेळी थंडगार धुक्यासारखा जमिनीलगत पसरू शकतो. त्यामुळे कॉम्प्रेसरची खोली वस्तीच्या बाजूला न ठेवणे, गळतीसूचक बसवणे आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी (विंडसॉक) छपरावर लावणे या गोष्टी नकाशातच आल्या पाहिजेत. अमोनियाचा साठा 60 टनांवर गेला, तर घातक रसायनांचे 1989 चे नियमही लागू होतात.

साठवणुकीचा व्यवसाय करणाऱ्याला अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 खाली परवाना लागतो. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतावर ठेवलेले पीक या कायद्याबाहेर आहे. तोच माल भाड्याच्या गोदामात आला की गोदामवाल्याची जबाबदारी सुरू होते. भिंतीपासून अंतर सोडून, फळ्यांवर रचलेली थप्पी, उंदरांचा बंदोबस्त आणि कोरडी जमीन या साध्या गोष्टी इथल्या पावसाळ्यात फार महत्त्वाच्या ठरतात, कारण दमट धान्यात बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिनसारखे विष तयार होते आणि पाखडून किंवा शिजवून ते पुरते जात नाही. फळे पिकवायला कार्बाइडच्या पुड्यांवर बंदी आहे. इथिलीन वायूला 100 पीपीएमपर्यंत मुभा आहे. हापूसची आढी पेंढ्यात लावली, तर कार्बाइड किंवा इथिलीन काहीच लागत नाही.

महापालिकेचा साठा परवाना वेगळा असतो. रोज 100 किलोहून जास्त कचरा निघत असेल, तर घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार तो वेगळा करून ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो जागेवरच लावावी लागते. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारी आणि जुलैत द्यायचे असते.

सगळ्यात काळजीचा भाग धुरीकरणाचा. किडीसाठी धान्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. कीटकनाशक कायदा, 1968 खाली हे काम परवानाधारक संस्थेनेच करायचे आहे. थप्पीवर जाड ताडपत्री ओढतात, कडेने वाळू भरलेल्या लांब पिशव्या एकीला एक लावून ठेवतात आणि दाराला कवटीचे चिन्ह असलेली पाटी अडकवतात. पाच ते सात दिवस कोणीही आत जायचे नसते. वर किंवा भिंतीला लागून कोणी राहत असेल, तिथे धुरी देऊच नये. वास येत नाही म्हणजे वायू गेला असे समजणे धोक्याचे आहे. दारे उघडून, हवा खेळवून, मापकावर 0.3 पीपीएमच्या खाली आकडा आल्यावरच पाटी उतरवायची आणि मग माथाडी कामगारांना थप्पीला हात लावू द्यायचा.